कुणी न पाहिलेली रेषा : 25 जून 2009 चा घटनाक्रम

गुरुवार, 25 जून 2009. लॉस एंजेलिसच्या होल्म्बी हिल्स भागात, कॅरोलवुड ड्राइव्हवरच्या भाड्याच्या बंगल्यात मायकल जॅक्सनचा श्वास थांबला. तो 50 वर्षांचा होता. 1 नोव्हेंबर 1996 च्या कार्यक्रमासाठी तो मुंबईत आला होता. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने त्याचं औक्षण केलं, तो ‘मातोश्री’वर जाऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटला आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलात हजारो मुंबईकरांसमोर नाचला. त्या पिढीतल्या मराठी माणसाला त्याच्या मृत्यूची बातमी ऐकल्याची वेळ अजून आठवते.

त्या मृत्यूवर खूप लिहून झालं आहे: त्याचं कर्ज, निद्रानाश, लंडनचे जाहीर झालेले 50 कार्यक्रम. रुग्णाला झोपवून त्याचा श्वास राखणं हे ज्यांचं रोजचं काम आहे, ते मात्र या घटनेकडे वेगळ्या बाजूने पाहतात. ज्या औषधाने भूल देतात ते औषध दिलं गेलं, पण श्वास चालू आहे की नाही हे सांगणारं यंत्र खोलीत नव्हतं. त्या यंत्राचं नाव कॅप्नोग्राफ. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून तो पडद्यावर एक रेषा काढत जातो. ती रेषा त्या रात्री कशी दिसली असती, हे घड्याळाच्या काट्याबरोबर वाचत गेलं तर ही आपत्ती किती हळू आली आणि तिला अडवायला किती वेळ हाताशी होता, हे कळतं.

खालच्या वेळा तीन ठिकाणच्या आहेत. सकाळी अकरापर्यंतच्या वेळा जॅक्सनचे डॉक्टर कॉनराड मरे यांनी स्वतः पोलिसांना सांगितल्या आणि त्या न्यायालयीन कागदपत्रांत नोंदल्या गेल्या. त्यानंतरच्या वेळा फोनच्या आणि ई-मेलच्या नोंदींतल्या आहेत. दुपारी बारा वीसपासून पुढच्या वेळा आपत्कालीन सेवेच्या आणि रुग्णालयाच्या आहेत. कतारमध्ये, दोह्याच्या बिन महमूद भागात बसून वाचणाऱ्यांसाठी तिथली वेळ कंसात दिली आहे. दोहा लॉस एंजेलिसच्या दहा तास पुढे होतं.

मध्यरात्रीनंतर

जॅक्सन ‘स्टेपल्स सेंटर’मधली तालीम संपवून घरी आला. लंडनच्या ‘ओटू अरीना’त 13 जुलैपासून कार्यक्रम सुरू व्हायचे होते. वरच्या मजल्यावर मरे थांबलेले होते. ते हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ नव्हेत. महिन्याला दीड लाख डॉलर मानधनावर ते जॅक्सनचे खासगी डॉक्टर म्हणून काम पाहत होते. गेले अनेक आठवडे जवळजवळ रोज रात्री ते त्याला झोपेसाठी प्रोपोफॉल देत होते. लास वेगासच्या एका औषधविक्रेत्याकडून एप्रिल ते जून या काळात प्रोपोफॉलच्या 255 बाटल्या त्यांच्याकडे आल्या, हे पुढे खटल्यात सिद्ध झालं. मरे यांच्या म्हणण्याप्रमाणे आता ते ही सवय सोडवायच्या प्रयत्नात होते, आणि त्या रात्री प्रोपोफॉलशिवाय भागवायचं असं ठरलं होतं.

पहाटे 1.30 (दोह्यात गुरुवार सकाळी 11.30)

डायझेपामची 10 मिलिग्रॅमची गोळी. झोप येत नाही.

या क्षणी कॅप्नोग्राफ लावला असता तर पडद्यावर निरोगी माणसाची रेषा दिसली असती, आणि पुढचं सगळं तिच्याशी ताडून पाहायचं असल्यामुळे ती नीट समजून घ्यायला हवी. श्वास आत घेताना हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतोच, म्हणून रेषा शून्यावर असते. श्वास सोडायला सुरुवात झाली की आधी घसा आणि श्वासनलिकेतली हवा बाहेर पडते. तिथे वायूंची देवघेव होत नाही, म्हणून रेषा क्षणभर शून्यावरच राहते. मग फुफ्फुसातली हवा येऊ लागते आणि रेषा झपकन वर चढते. नंतर सगळी हवा फुफ्फुसाच्या वायुकोशांतली असल्याने रेषा जवळजवळ सपाट, जराशी चढती राहते. नवा श्वास घेतला की ती कड्यावरून खाली येते. पाचगणीचं टेबललँड बाजूने पाहावं तसा हा आकार: उभी चढण, वर पठार, पलीकडे कडा. पठाराच्या शेवटच्या टोकाला जो आकडा मिळतो त्याला एंड-टायडल म्हणतात आणि तो साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा असतो. मिनिटाला बारा-चौदा श्वास, म्हणजे पडद्यावर बारा-चौदा टेबललँड, एकाच उंचीची, सारख्या अंतरावर.

या एका रेषेत तीन गोष्टींची साक्ष असते. शरीर कार्बन डायऑक्साइड तयार करतंय, रक्त तो फुफ्फुसापर्यंत आणतंय आणि फुफ्फुस तो बाहेर टाकतंय. या तिघांपैकी एकही थांबलं तर रेषा बदलते.

2.00 (दुपारी 12)

शिरेतून लोराझेपाम, 2 मिलिग्रॅम.

3.00 (दुपारी 1)

शिरेतून मिडॅझोलाम, 2 मिलिग्रॅम. जॅक्सन जागाच.

5.00 (दुपारी 3)

पुन्हा लोराझेपाम, 2 मिलिग्रॅम.

7.30 (संध्याकाळी 5.30)

पुन्हा मिडॅझोलाम, 2 मिलिग्रॅम. सहा तासांत एकाच कुळातल्या औषधांचे पाच डोस. यातल्या प्रत्येक डोसाने मेंदूतलं श्वासाचं केंद्र थोडं थोडं मंदावतं, आणि आधीच्या डोसाचा अंमल शरीरात उरलेला असतानाच पुढचा डोस त्यावर चढतो. माणूस जागा दिसतो, बोलतो, झोप येत नाही म्हणून तक्रार करतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की औषधं लागूच पडत नाहीत.

रेषा इथे दोन वेगळ्या तऱ्हांनी बोलते आणि दोन्ही ओळखता यायला हव्यात. पहिली तऱ्हा संथ श्वासाची. श्वास कमी झाले की कार्बन डायऑक्साइड साचतो. मग पठारं रुंद आणि उंच होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं, आकडा 50 च्या वर जातो. ही तऱ्हा कुणीही ओळखतं. दुसरी तऱ्हा उथळ श्वासाची, आणि ती फसवते. श्वास इतका तोकडा होतो की फुफ्फुसाच्या तळातली हवा बाहेर येतच नाही, फक्त घशापर्यंतची हवा आत-बाहेर होत राहते. मग आकडा वाढण्याऐवजी घटतो, लाटा बुटक्या होतात, पठार दिसेनासं होतं. नवख्याला वाटतं, कार्बन डायऑक्साइड कमी आहे म्हणजे छानच. खरं तर रक्तात तो वाढत असतो आणि बाहेर मात्र येत नसतो. म्हणून जाणकार आधी आकार पाहतात, मग लय, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

सकाळी 10.40 (रात्री 8.40)

जॅक्सनने वारंवार मागितल्यावर आपण प्रोपोफॉल दिलं, असं मरे यांनी पोलिसांना सांगितलं. 25 मिलिग्रॅम, लिडोकेनबरोबर.

प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं असतं. शिरेतून गेल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे मिटतात. जगभर रोज लाखो शस्त्रक्रिया आणि एंडोस्कोपी या औषधाने निर्धास्त पार पडतात, कारण ते देणाऱ्याच्या हाती रुग्णाचा श्वास चालवण्याची सगळी साधनं असतात. या औषधाची एक गोष्ट मात्र कुठल्याही साधनाने बदलत नाही. झोप लागण्याचा डोस आणि श्वास थांबण्याचा डोस यांत अंतर फार थोडं असतं, आणि आधीच शामक औषधांचे पाच डोस चढलेल्या माणसात ते आणखी कमी होतं. त्यावर उतारा नाही. बेन्झोडायझेपीन कुळासाठी फ्लुमाझेनिल आहे, प्रोपोफॉलसाठी काहीही नाही. हनुवटी उचलून वाट मोकळी करायची, मास्क लावून पिशवीने श्वास द्यायचा आणि औषध उतरेपर्यंत तो देत राहायचा, एवढाच उपाय. तो सोपा आहे आणि जवळजवळ नेहमी जीव वाचवतो. श्वास थांबल्याचं वेळेत कळलं पाहिजे, एवढी एकच अट.

पुढे खटल्यात सरकारी पक्षाचे तज्ज्ञ, भूलशास्त्राचे प्राध्यापक डॉ. स्टीव्हन शेफर यांनी रक्तातल्या औषधाच्या पातळीवरून गणित मांडून दाखवलं. एका डोसाने ही पातळी येत नाही, सलाइनमधून प्रोपोफॉल ठिबकत राहिलं असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बचाव पक्षाचं म्हणणं असं की मरे खोलीत नसताना जॅक्सनने स्वतःच आणखी औषध घेतलं. ज्युरीने मरे यांना दोषी धरलं. औषध कुणाच्या हाताने गेलं यावर वाद झाला. त्या वेळी श्वासावर नजर ठेवायला कुणी नव्हतं, यावर मात्र वाद झाला नाही.

10.50 (रात्री 8.50)

मरे यांच्या म्हणण्याप्रमाणे जॅक्सनला झोप लागली, ऑक्सिजनची पातळी नव्वदीच्या वरच्या घरात होती, म्हणून ते दोन मिनिटांसाठी स्वच्छतागृहात गेले.

इथे थोडं थांबायला हवं. जॅक्सनच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर होता. कोरोनाच्या दोन वर्षांत हे छोटं यंत्र मराठी घराघरांत पोचलं आणि 94 हा आकडा आजी-आजोबांनाही पाठ झाला. त्याने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो, श्वास नव्हे. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली की फुफ्फुसात साठा भरलेला असतो. अशा माणसाचा श्वास पूर्ण थांबला तरी रक्त त्या साठ्यावर कित्येक मिनिटं तग धरतं. आकडा 97 दाखवत राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. जॅक्सनला ऑक्सिजन लावलेला होता, असं मरे यांनी सांगितलं. त्याच्या बोटावरच्या यंत्राला ऐकू येणारा अलार्म नव्हता. आकडा कोसळला असता तरी खोलीबाहेरच्या माणसाला कळलं नसतं.

कॅप्नोग्राफला अशी वाट पाहावी लागत नाही. श्वास थांबला की पुढचं टेबललँड उगवतच नाही. रेषा शून्यावर सरळ चालू राहते आणि वीस-तीस सेकंदांत यंत्र ओरडू लागतं. ऑक्सिमीटर झालेलं नुकसान मोजतो. रेषा नुकसान होण्याआधीचा वेळ हातात देते.

11.17 (रात्री 9.17)

लंडनच्या विमा दलालाने जॅक्सनच्या तब्येतीविषयी विचारणा केली होती. मरे यांनी त्याला ई-मेलने उत्तर पाठवलं. वर्तमानपत्रांत तब्येतीविषयी येणाऱ्या बातम्या आपल्या माहितीप्रमाणे खोट्या आहेत, असा त्याचा आशय.

11.18 (रात्री 9.18)

लास वेगासमधल्या स्वतःच्या दवाखान्याशी फोन. फोन कंपनीच्या नोंदीप्रमाणे 32 मिनिटं.

या अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर काय होत होतं, याची कुठलीही नोंद जगात नाही. ना रेषा, ना आलेख, ना हाताने लिहिलेला तक्ता. भूल देणारा माणूस दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास टिपतो. ही सवय शिकण्याच्या पहिल्या आठवड्यात लागते आणि निवृत्तीपर्यंत सुटत नाही. मरे यांच्याकडे त्या रात्रीचा एकही तक्ता नव्हता.

11.51 (रात्री 9.51)

ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या एका महिलेला फोन, 11 मिनिटांचा. तिने न्यायालयात सांगितलं की पाच-सहा मिनिटांनी समोरून उत्तर येईनासं झालं आणि मागून खोकल्यासारखे, पुटपुटल्यासारखे आवाज ऐकू आले. सरकारी पक्षाच्या मांडणीनुसार जॅक्सन श्वास घेत नाही, हे मरे यांच्या लक्षात आलं ते या फोनच्या मधेच. मरे यांनी पोलिसांना सांगितलेली ‘दोन मिनिटं’ फोनच्या नोंदींशी जुळली नाहीत.

श्वास बंद होण्याच्या दोन वाटा असतात. एकीत मेंदू श्वास घ्यायला सांगायचंच थांबवतो, छाती हलत नाही. दुसरीत छाती हलते, पोट वर-खाली होतं, पण जीभ मागे पडून घसा बंद झालेला असतो. ही दुसरी वाट डोळ्यांना हमखास चकवते, कारण पांघरुणाखाली हलणारी छाती पाहून वाटतं, श्वास चालू आहे. रेषा मात्र दोन्ही वेळा सपाट होते. छाती हलतेय आणि रेषा सपाट आहे, असं दिसलं की घसा बंद आहे असं धरायचं आणि तत्क्षणी हनुवटी वर उचलायची. क्वचित नाकातली नळी सरकल्यानेही रेषा सपाट होते, म्हणून नियम असा की आधी रुग्ण बघायचा, मग नळी.

दुपारी 12.12 (रात्री 10.12)

जॅक्सनच्या सहायकाला मरे यांचा फोन. तो लागला नाही, म्हणून निरोप ठेवला. तीन मिनिटांनी सहायकाने उलट फोन केला. जॅक्सनला औषधाचा त्रास झालाय, कुणाला तरी वर पाठवा, असं त्याला सांगण्यात आलं. आपत्कालीन सेवेला फोन करा, असं सांगितलं गेलं नाही.

मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्यास साधारण चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. खटल्यात साक्ष देणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ॲलॉन स्टाइनबर्ग यांनी ठामपणे सांगितलं की वेळेत मदत बोलावली असती, योग्य उपचार झाले असते, तर हा जीव वाचला असता.

12.20 (रात्री 10.20)

911 वर पहिला फोन, एका सुरक्षारक्षकाने केलेला. पन्नाशीचा माणूस श्वास घेत नाहीये, शुद्धीवर नाही. पलीकडच्या माणसाने विचारलं तेव्हा कळलं की रुग्ण पलंगावर आहे. त्याने लगेच जमिनीवर घ्यायला सांगितलं, कारण मऊ गादीवर छाती दाबली तर गादी दबते, हृदय नव्हे.

12.26 (रात्री 10.26)

सहा मिनिटांच्या आत पॅरामेडिक दाखल झाले. नाडी नाही, मॉनिटरवर हृदयाची सपाट रेषा. त्यांनी विचारल्यावर झोपेसाठी दिलेलं लोराझेपाम तेवढं सांगितलं गेलं, प्रोपोफॉलचा उल्लेख झाला नाही.

अशा क्षणीसुद्धा कॅप्नोग्राफची रेषा कामाला येते, आणि ती वाचायची रीत बदलते. छातीवर दाब देताना रक्त थोडंफार फिरतं, थोडा कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसात पोचतो आणि बुटक्या लाटा उमटतात. आकडा 10 च्या खाली राहिला तर दाब पुरेसा बसत नाहीये, दाबणारा दमलाय, माणूस बदला. आकडा अचानक 35-40 कडे उसळला तर हृदय पुन्हा सुरू झाल्याची ती बहुधा पहिली खूण, नाडी हाताला लागण्याच्याही आधी. घशात नळी घातल्यावर ती श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हेही रेषाच सांगते. दाब चालू असताना एकही लाट उठत नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे असं धरून चालायचं.

12.57 (रात्री 10.57)

रेडिओवरून यूसीएलए रुग्णालयाच्या डॉ. रिशेल कूपर यांनी जागेवरच मृत्यू जाहीर करण्याची परवानगी दिली. मरे यांनी प्रयत्न चालू ठेवण्याची विनंती केली.

1.07 (रात्री 11.07)

ॲम्ब्युलन्स बंगल्यातून निघाली. सहा मिनिटांत रुग्णालय.

2.26 (शुक्रवार, 26 जून, रात्री 12.26)

डॉ. कूपर यांनी मृत्यू जाहीर केला. 1.30 ला दिलेल्या पहिल्या गोळीपासून 12 तास 56 मिनिटं झाली होती. दोह्यात सुट्टीचा शुक्रवार सुरू झाला होता. महाराष्ट्रात तीन वाजायला चार मिनिटं होती आणि बहुतेकांना ही बातमी उजाडल्यावर कळली.

त्यानंतर

28 ऑगस्ट 2009 ला लॉस एंजेलिसच्या शवविच्छेदन कार्यालयाने कारण जाहीर केलं: प्रोपोफॉलची तीव्र विषबाधा, बेन्झोडायझेपीन औषधांची त्यात भर. मृत्यूची नोंद मनुष्यवध अशी झाली.

सप्टेंबर 2011 च्या अखेरीला खटला उभा राहिला. डॉ. शेफर यांनी ज्युरीसमोर मरे यांच्या 17 अक्षम्य चुका मोजून दाखवल्या. कॅप्नोग्राफ नसणं ही त्यांतली एक. त्यांनी एक चित्रफीतही दाखवली: प्रोपोफॉल देण्याआधी यंत्रं कशी तपासतात, श्वास थांबला की पुढच्या काही सेकंदांत काय काय करतात. ज्युरीतल्या बारा सामान्य माणसांना त्या दिवशी श्वासाची रेषा वाचायला शिकवली गेली. 7 नोव्हेंबर 2011 ला मरे दोषी ठरले. चार वर्षांची शिक्षा झाली आणि ते ऑक्टोबर 2013 मध्ये सुटले.

खटला सुरू होण्याआधीच भूलशास्त्राचं जग एक पाऊल पुढे गेलं होतं. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाला कॅप्नोग्राफ लावणं आधीपासून रुळलेलं होतं. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेने 2010 च्या ऑक्टोबरमध्ये आपले निकष सुधारले, आणि 1 जुलै 2011 पासून नळी न घालता दिलेल्या मध्यम आणि गाढ गुंगीतही उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाहणं आवश्यक ठरवलं. हा बदल अनेक वर्षांच्या अभ्यासातून आला होता. त्याचा अर्थ साधा होता: धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावर जितका, तितकाच एंडोस्कोपीच्या खोलीत, दंतवैद्याच्या खुर्चीत आणि जिथे कुठे माणसाला गुंगी देऊन निजवतात तिथे.

ऑगस्ट 2020 : यंत्र होतं, तेव्हा

हा घटनाक्रम इथे संपवला तर अर्धीच गोष्ट सांगून होईल. यंत्र विकत आणलं की काम झालं, असा समज त्यातून होऊ शकतो. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या रुग्णालयात ऑगस्ट 2020 मध्ये 61 वर्षांच्या एका महिलेला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली. ती स्वतः रेडिओग्राफर होती. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली. तिथे आधुनिक शस्त्रक्रियागृह होतं, प्रशिक्षित भूलतज्ज्ञ होते, मॉनिटर होता. सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच निदानाकडे गेलं आणि नळी चुकीच्या जागी आहे हे फार उशिरा उमगलं. ती वाचली नाही. 2021 मध्ये कोरोनरने आपल्या अहवालात ही टळू शकणारी घटना असल्याचं स्पष्ट केलं.

याआधी 2011 मध्ये ब्रिटनच्या ‘नॅप-4’ या राष्ट्रीय पाहणीने हाच इशारा दिला होता: सपाट रेषा दिसली की डॉक्टर ‘हृदय थांबलंय म्हणून असेल’ किंवा ‘यंत्र बिघडलं असेल’ असा अर्थ लावतात. म्हणून तिथल्या भूलतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने एक वाक्य प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला पाठ करायला दिलं आहे: रेषा नाही, म्हणजे नळी चुकीच्या जागी. 2022 मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून नळी बरोबर जागी असल्याचे निकष आखले. लाट श्वास सोडताना चढली पाहिजे, घेताना उतरली पाहिजे. निदान सात श्वास ती तितकीच उंच किंवा वाढती राहिली पाहिजे. तिचं शिखर तळापासून साडेसात मिलिमीटर पाऱ्याहून वर गेलं पाहिजे. यातलं काही नसेल तर नळी काढायची, हा पहिला विचार.

लॉस एंजेलिसला रेषा नव्हती. मिल्टन कीन्सला रेषेचा अर्थ लागला नाही. एकीकडे जगप्रसिद्ध गायक आणि लाखो डॉलर, दुसरीकडे नावाजलेली सार्वजनिक आरोग्यसेवा. शेवट एकच.

आज, बिन महमूद

बिन महमूदमध्ये मेट्रो स्थानकाच्या आसपास आणि अल सद्दच्या दिशेने चालत गेलं की दंतवैद्यांच्या, त्वचारोगतज्ज्ञांच्या, पॉलिक्लिनिकच्या पाट्या दिसत राहतात. हमदचं मोठं रुग्णालय इथून जवळच आहे. दोह्यातली मराठी कुटुंबं आई-वडिलांना भेटीला आणतात, तेव्हा त्यांच्या साठलेल्या दुखण्यांची तपासणीही इथेच उरकून घेतात: कोलोनोस्कोपी, अक्कलदाढ, गुडघ्याचं एमआरआय. नाशिकला, कोल्हापूरला, पणजीलाही हेच चालतं. ‘थोडी गुंगी देऊ, काही कळणार नाही’ हे वाक्य आपण निश्चिंतपणे ऐकतो आणि संमतीपत्रावर सही करतो.

सही करण्याआधी चार प्रश्न विचारा, स्पष्ट आणि न संकोचता. गुंगी देणारे डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत का? तपासणी करणाऱ्या डॉक्टरांखेरीज, फक्त माझ्या वडिलांच्या श्वासाकडे पाहणारं कुणी खोलीत असेल का? कार्बन डायऑक्साइडची रेषा लावणार का, की फक्त बोटावरचा ऑक्सिमीटर? आणि वडील घोरतात, झोपेत श्वास अडकतो, रात्री झोपेची गोळी घेतात, हे तुम्हाला सांगितलं आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच हातात असतं. घोरणाऱ्या आणि स्थूल माणसाचा घसा गुंगीत लवकर बंद होतो, आणि आधी घेतलेली गोळी पुढच्या औषधाचं बळ वाढवते. चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नांनी कधी रागावत नाही. त्याला तेच हवं असतं.

भूलगृहात काम करणाऱ्या परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठीही एक मागणं आहे. आखातातल्या रुग्णालयांत भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने आहेत, आणि कित्येकदा रेषा सपाट झालेली पहिल्यांदा त्यांनाच दिसते. वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या कामात असतात आणि बोलावं की नाही अशी घालमेल होते. अशा वेळी फक्त एवढं मोठ्याने म्हणा: ‘डॉक्टर, सीओटू दिसत नाहीये.’ त्यात कुणावर आरोप नाही, कुणाचा अपमान नाही. ते न म्हटल्याने गेलेली मिनिटं मात्र कुठल्याही खटल्यात परत मिळत नाहीत.

25 जून 2009 च्या तेरा तासांत झोपेची चार वेगवेगळी औषधं सहा वेळा दिली गेल्याची कबुली स्वतः डॉक्टरांनी दिली. एक ई-मेल गेला, अनेक फोन झाले. श्वासाकडे पाहण्यासाठी मात्र एकही माणूस नेमलेला नव्हता. आपल्या माणसाला गुंगी देण्याआधी तो माणूस कोण आहे, हे नावानिशी विचारून घ्या.